पाय म्हणजे लेग की फूट? वॉर्डातलं इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी

मिरजेत माझ्या घरी संध्याकाळी सहा ते साडेसात शिकवणी असते. येतात त्या बहुतेक नर्सिंग झालेल्या मुली, हल्ली दोन-तीन मुलंही. कुणाला परदेशी जायचं म्हणून ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजे ओईटी, द्यायची असते. कुणाला इथल्याच वॉर्डात नोट्स लिहिताना हात कापू नये एवढंच हवं असतं. ओईटीच्या तोंडी परीक्षेत समोरचा पेशंट होतो आणि तुम्ही नर्स. आमच्या तालमीत पेशंट मीच. गेल्या पावसाळ्यात एका मुलीला माझं पोट तपासायचं होतं. तिनं दिवाणाकडे हात केला आणि गोड आवाजात म्हणाली, "प्लीज स्लीप हिअर." मी आडवी झाले, डोळे मिटले आणि घोरायला लागले.

बाकीच्या हसल्या. ती बिचारी गोंधळली. "मॅडम, काय चुकलं?"

मराठीत तिचं काहीच चुकलं नव्हतं. तपासायच्या टेबलावर आपण "झोपा"च म्हणतो, आणि पेशंट घोरत नाही, नुसता आडवा होतो. आपलं 'झोपणं' दोन्ही कामं करतं. इंग्रजीत झोप लागणं ते स्लीप आणि आडवं होणं ते लाय. परीक्षेत एखादा गुण जाईल, ते सोडा. ड्यूटी बदलताना "पेशंट झोपलाय" असं ऐकून पुढच्या सिस्टरनं 'स्लीपिंग' लिहिलं आणि तो माणूस रात्रभर छताकडे बघत टक्क जागा असेल, तर सकाळी डॉक्टर समजणार की रात्र छान गेली.

एकतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यानंतर ही शिकवणी. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: इंग्रजी शब्दांच्या जोड्या शब्दार्थ पाठ करून सुटत नाहीत. गाइडात 'लेग म्हणजे पाय, फूट म्हणजे पाय' असं छापलेलं असतं. दोन्हींपुढे एकच शब्द लिहिला तर फरक कळणार कुठून? जोडी सोडवायची तर आधी पेशंटचं मराठी वाक्य घ्या आणि बघा, आपल्या भाषेत इथे एक शब्द आहे की दोन. एक असेल तर पेशंटला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. दोन असतील तर ते आपण वाटेत कुठे सांडले ते शोधायचं.

आधी एका शब्दाचं बघू, कारण तिथे मी स्वतः आपटलेय.

नोकरीचं दुसरं वर्ष. एक शेतकरी आजोबा दाखल झाले. "डावा पाय सुजलाय," म्हणाले. मी ऐटीत लिहिलं, 'स्वेलिंग ऑफ लेफ्ट लेग'. राउंडला डॉक्टरांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. एकच लेग सुजली म्हणजे आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, हा पहिला संशय. त्यांनी खिशातून टेप काढली, दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला, दाबून पाहिलं, प्रश्नांवर प्रश्न. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डाक्टर, पोटरीला काय बी झालं न्हाई. बाभळीचा काटा मोडलाय तळपायात." डॉक्टर मला काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

लेग म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंत, फूट म्हणजे घोट्याखालचं पाऊल. तसंच आर्म म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत, हँड म्हणजे मनगटापुढचा पंजा. बोटांचंही तेच: हाताचं फिंगर, पायाचं टो. आपल्याकडे दंड, कोपर, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल, टाच असे नेमके शब्द आहेत, पण दुखणं सांगताना माणूस हात नाही तर पाय म्हणतो. म्हणून उपाय सोपा आहे: "कुठे? बोट ठेवून दाखवा." बोट जिथे टेकेल त्याचं इंग्रजी लिहा.

पोटाचंही असंच. "पोटात दुखतंय" म्हणजे स्टमक नव्हे. बोलण्यात इंग्रजही स्टमक म्हणतात, पण कागदावर स्टमक म्हणजे जठर, तो एकच अवयव. छातीच्या पिंजऱ्याखालचा, ओटीपोटापर्यंतचा सगळा भाग म्हणजे ॲबडोमेन. उजवीकडे खाली दुखणाऱ्या पेशंटपुढे तुम्ही 'स्टमक पेन' लिहिलंत तर अपेंडिक्सचा विचार मागे पडतो. आणि कंबर! "कंबर दुखते" याचं वेस्ट पेन केलेलं मी इतक्यांदा वाचलंय की आता लाल पेन आपोआप उचललं जातं. वेस्ट म्हणजे जिथे पट्टा बांधतो तो घेर. दुखते ती लोअर बॅक.

चक्कर हा त्याहून नाजूक शब्द. "चक्कर येते" म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारायचे, "गरगरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते?" खोली फिरल्यासारखी वाटते तेव्हा इंग्रजीत व्हर्टिगो. अंधारी येऊन आता पडतो की काय असं होतं तेव्हा फीलिंग फेंट. पहिल्यात डॉक्टर कानाकडे वळतात, दुसऱ्यात बीपी आणि हृदयाकडे. आणि खरंच भोवळ येऊन पडला तर फेंटेड, किंवा बोलण्यातलं पास्ड आउट. इथे एक गंमत सांगते. आपल्याकडे पास आउट म्हणजे कॉलेज संपवून बाहेर पडणं. इंग्लंडमधल्या मुलाखतीत "आय पास्ड आउट इन २०१९" म्हटलंत तर समोरचा मनात म्हणेल, अरेरे, मग शुद्धीवर कधी आलात?

आता उलट बाजू. इथे मराठी श्रीमंत आहे आणि आपण ती श्रीमंती दारातच टाकून आत शिरतो.

दुखण्याचंच घ्या. वॉर्डात बसून ऐका: ठणकतंय, कळ येते, चमक निघते, आग होते, टोचतंय, मुरडा पडतो, जड जड वाटतंय. आमच्या मुली हे सगळं ऐकतात आणि लिहितात काय? पेन. शून्य ते दहामधला एक आकडा टाकला की झालं. अहो, पेशंटनं अर्धं निदान तुमच्या हातात ठेवलं होतं! ठणका म्हणजे थ्रॉबिंग, नाडीच्या तालावर ठणकणारं. गळू, किडका दात, पिकलेलं नख. चमक म्हणजे शूटिंग, कंबरेतून निघून खाली पायात उतरणारी. आग म्हणजे बर्निंग. कळ येते आणि ओसरते, पुन्हा येते, ती कॉलिकी. मूतखड्याचा माणूस बघा, कळ आली की एका जागी बसवत नाही. टोचणं ते प्रिकिंग. आणि संथ, रेंगाळत राहणारं दुखणं ते 'एक' (ache).

पेन आणि 'एक' या जोडीबद्दल मुली फार विचारतात. 'एक' हा शब्द ठरावीक अवयवांनाच चिकटतो: हेडेक, टूथेक, इअरेक, बॅकेक, स्टमकेक. चेस्टेक, लेगेक असले शब्द स्वतः तयार करायचे नाहीत, तिथे पेनच. आणि "माय हेड इज पेनिंग" हे आपल्या देशातच चालतं. डोकं दुखतं तेव्हा हर्ट्स, नाहीतर सरळ हेडेक आहे म्हणा.

मुंग्या आणि बधिरपणा हीसुद्धा आपल्याकडे तयार जोडी. मुंग्या म्हणजे टिंगलिंग, बधिर म्हणजे नम्ब. एकात काहीतरी जास्तच जाणवतं, दुसऱ्यात जाणवतच नाही. तरी दोन्हींना नम्बनेस लिहिणाऱ्या मुली दर बॅचला निघतात. मळमळ आणि उलटी हीदेखील तशीच: नॉशिया आणि व्हॉमिटिंग. मात्र ब्रिटिश पेशंट "आय वॉज सिक इन द नाइट" म्हणाला तर तो आजारी होता असं नव्हे, त्याला रात्री उलटी झाली. "आय फील सिक" म्हणजे मळमळतंय. तिथे ट्रे पुढे करायचा, थर्मामीटर नव्हे.

जखमांमध्ये तर मराठीनं सगळं ताटात वाढून ठेवलंय. खरचटलं ते ॲब्रेजन. मुका मार लागला, म्हणजे कातडी शाबूत आणि आत काळंनिळं, तो ब्रूज, कागदावर कन्ट्यूजन. धारदार हत्यारानं कापलं, कडा सरळ, ती इन्साइज्ड वूंड. बोथट वस्तूच्या माराने किंवा आपटून कातडी फाटली, कडा वेड्यावाकड्या, ते लॅसरेशन. या शेवटच्या दोन शब्दांची अदलाबदल होऊ देऊ नका. मारामारीची केस असेल तर तुमचा कागद उद्या कोर्टात जातो आणि वकील विचारतो, कोयता होता की काठी? जखमेचं नाव डॉक्टर ठरवतील. तुम्हाला खात्री नसेल तर नुसतं वूंड लिहा आणि कडा कशा दिसल्या, लांबी किती सेंटिमीटर, हे लिहा. न कळता लॅसरेशन लिहिण्यापेक्षा ते शंभरदा बरं.

मुरगळणं आणि लचकणं. घोटा मुरगळला तो स्प्रेन: सांध्याचे बंध ताणले. पाठीत उसण भरली, कंबर लचकली तो बहुधा स्ट्रेन: स्नायू किंवा त्याची दोरी ताणली. त्या दोरीला इंग्रजीत टेंडन म्हणतात. स्ट्रेनमध्ये 'टी' आहे, टेंडनमध्येही 'टी' आहे. पाठांतराला माझा विरोध असला तरी एवढी युक्ती मी चालवून घेते.

'बरं होणं' मात्र मराठीत एकटंच सगळीकडे धावतं. पेशंट बरा झाला, जखम बरी झाली, आजार बरा झाला. इंग्रजीत तिघांची तीन क्रियापदं. माणूस रिकव्हर होतो, जखम हील होते, आजार क्युअर होतो. "द पेशंट हील्ड" असं लिहिलं की वाटतं पेशंट म्हणजेच एक जखम होती. जखमेपुरता आपल्याकडेही दुसरा शब्द आहे, 'भरून येणं', आणि तो डोक्यात ठेवला की हील चुकत नाही. ट्रीट हा या तिघांच्या आधीचा शब्द: उपचार केले. गुण आला की नाही, ते त्यात येत नाही. मधुमेह ट्रीट करतात आणि आटोक्यात ठेवतात. त्याला क्युअर लिहून नातेवाइकांना भलती आशा लावू नका.

मला सगळ्यात आवडणारी जोडी आता सांगते, डिनाय आणि रिफ्यूज. दोन्हींचा शब्दकोशातला अर्थ 'नाकारणे'. डॉक्टरांच्या कागदावर 'डिनाइज चेस्ट पेन' असं वाचून एका मुलीनं मला विचारलं होतं, "मॅडम, छातीत दुखणं कोण कशाला नाकारेल?" डिनाय म्हणजे "तसं नाही" असं सांगणं. छातीत दुखतं का, विचारलं, तो म्हणाला नाही. रिफ्यूज म्हणजे "तसं करणार नाही". गोळी दिली, त्यानं तोंड फिरवलं. पहिल्यात माहिती आहे, दुसऱ्यात हट्ट. 'पेशंट डिनाइड मेडिसिन' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, गोळी घेतलीच नाही असं तो सांगतोय, की त्याला गोळी दिलीच नाही? रात्री दोन वाजता इन्सुलिनबद्दल असा घोळ नको.

तिच्याशेजारचीच एक: कम्प्लेन्स ऑफ आणि कम्प्लेन्स अबाउट. 'ऑफ' म्हणजे पोटाची, डोक्याची तक्रार, दुखणं. 'अबाउट' म्हणजे जेवणाची, पंख्याची, आमची तक्रार. आपण दोन्हींना तक्रारच म्हणतो, म्हणून हा बारीक शब्द निसटतो.

साइन आणि सिम्प्टम, दोन्ही लक्षणंच. पण सिम्प्टम पेशंट सांगतो, साइन तुम्ही बघता किंवा मोजता. "अंगात कणकण आहे" हे सिम्प्टम. थर्मामीटरवर १०२ फॅरनहाइट ही साइन. ओईटीच्या लेखी परीक्षेत पंचेचाळीस मिनिटं असतात आणि १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं असतं. त्यात पेशंटनं काय सांगितलं आणि तुम्हाला काय आढळलं याची सरमिसळ झाली की पत्र विस्कटतं. "फील्स ब्रेथलेस" आणि "रेस्पिरेटरी रेट २८" ही दोन वाक्यं एकाच माणसाबद्दल असली तरी एक त्याचं आहे, एक तुमचं.

ॲक्यूटला मराठी पुस्तकांनी 'तीव्र' म्हटलं आणि मोठा घोटाळा करून ठेवला. ॲक्यूटमध्ये मुख्य गोष्ट वेळेची: अचानक आलेलं, थोड्या दिवसांचं. क्रॉनिक म्हणजे मुरलेलं, दीर्घकाळचं. मूत्रपिंडाच्या आजाराला क्रॉनिक म्हणायचं तर निदान तीन महिने जावे लागतात. किती जोराचं आहे हे सांगायला सिव्हिअर हा वेगळा शब्द आहे. दोन दिवसांचा साधा खोकला ॲक्यूट असू शकतो आणि दहा वर्षांचा संधिवात क्रॉनिक असून सिव्हिअरही. इन्फेक्शियस-कंटेजियसचं थोडक्यात: जंतूंमुळे होतो तो इन्फेक्शियस, एकाकडून दुसऱ्याला लागतो तो कंटेजियस. धनुर्वात जंतूंमुळेच होतो, पण धनुर्वाताच्या पेशंटजवळ बसून तो कुणाला होत नाही.

काही जोड्यांत मराठी काहीच मदत करत नाही. तिथे कान आणि डोळे फसतात. हायपो आणि हायपर यांतली सगळ्यात वाईट. ग्रीकमधून आलेले हे दोन तुकडे, एक 'खाली' आणि एक 'वर', अर्थानं उलट आणि ऐकायला जवळजवळ सारखे. फोनवर, मागे ट्रॉली खडखडत असताना, हायपोग्लायसीमिया की हायपरग्लायसीमिया? एकात साखर द्यायची, दुसऱ्यात नाही. माझा नियम: हे शब्द फोनवर एकटे बोलायचेच नाहीत. "शुगर लो आहे, अठ्ठावन्न, पाच आणि आठ, घाम सुटलाय, हात थरथरताहेत," असं बोला. ऐकणाऱ्यानं आकडा परत म्हणून दाखवेपर्यंत फोन ठेवू नका. ७० च्या खाली म्हणजे हायपो, हे कुणालाही पाठ असतं. आकडा सांगितला की शब्द चुकला तरी माणूस वाचतो.

लाय आणि ले ही जोडी राहिली. स्वतः आडवं होणं ते लाय, दुसऱ्याला आडवं करणं ते ले. मराठीत झोपणं-झोपवणं, उठणं-उठवणं, बसणं-बसवणं अशी रांगच आहे, त्यामुळे ही कळायला सोपी. घोळ एवढाच की लायचा भूतकाळ पुन्हा ले असाच होतो. हे कुणी लावून दिलं कोण जाणे. मी मुलींना सांगते, त्या वाटेलाच जाऊ नका. 'वॉज लाइंग ऑन हिज लेफ्ट साइड' लिहा, विषय संपला. उगाच व्याकरणाशी कुस्ती कशाला खेळायची?

वही कशी ठेवायची ते सांगते. दोनशे पानी साधी वही घ्या, पान उभं दुमडा. डावीकडे पेशंटचं वाक्य, जसं ऐकलं तसं, गावच्या बोलीत. उजवीकडे तुम्ही लिहिलेलं इंग्रजी. मध्ये घडीवर, तुम्ही विचारलेला जादा प्रश्न. "पाय सुजलाय", "कुठे?", फूट. "चक्कर येते", "गरगरतं की अंधारी?", व्हर्टिगो. पेशंटचं नाव, खाट नंबर काहीही लिहायचं नाही, ती वही घरी जाते. दिवसाला तीन वाक्यं पुरे. आठवड्यानं उजवी बाजू झाकायची आणि पुन्हा लिहायची. त्यानंतर एक खेळ: जोडीतला दुसरा शब्द मुद्दाम घालून बघायचा आणि वाक्य मोठ्यानं वाचायचं. "द वूंड रिकव्हर्ड." "ही रिफ्यूज्ड चेस्ट पेन." चुकीचं चित्र डोळ्यांपुढे येऊन हसू आलं की ती जोडी तुमची झाली. हसू नाही आलं तर ती अजून वहीतच आहे.

डावीकडे कधीतरी एक वाक्य येईल ज्याच्यापुढे काहीच लिहिता येणार नाही. "सिस्टर, कसंतरीच होतंय." तालमीत मुली तिथे अडतात, अनईझी लिहू की अनवेल? विचारा: मळमळतंय का, धडधडतंय का, घाम येतोय का, छातीवर दाब आहे का? उत्तर मिळालं तर ते लिहा. नाहीच मिळालं, तर त्याचे शब्द अवतरणात तसेच ठेवा, पुढे 'फील्स अनवेल' लिहा, पेन खिशात घाला आणि आधी नाडी बघा.